मोटरसायकलला जादा इग्निशन स्विच बसवायचाय? वायर तोडण्याआधी हे वाचा

मोटरसायकलची चावी म्हणजे आत दोन-चार पितळी पट्ट्या आणि खाली एक प्लग. कुलूप जबरदस्तीने फिरवता येतं, किंवा त्याला बगल देता येते. म्हणूनच बरेच जण आपल्यालाच ठाऊक असलेला दुसरा स्विच बसवायचा विचार करतात. दुसरा वर्ग आहे चावीच नसलेल्या गाड्यांचा. मातीत पळवायच्या ऑफ-रोड गाड्या, जुन्या किकवाल्या गाड्या, हाताने बांधलेल्या कस्टम गाड्या यांना किक मारली की निघाली, अशी सोय असते. त्यांना चावीचा स्विच लावायचा असतो. दोन्ही कामांचं वायरिंग एकाच तत्त्वावर चालतं, त्यामुळे इथे दोन्ही एकत्रच घेतोय.

आधी एक स्पष्ट सांगतो. हा स्विच गाडी चालवत नेणाऱ्याला अडवतो, उचलून टेम्पोत टाकणाऱ्याला नाही. डिस्क लॉक, साखळी आणि हँडल लॉक आहेत तसेच वापरत राहायचे.

आणखी एक. गाडीला कंपनीचं इमोबिलायझर असेल, म्हणजे चावीत चिप आणि कुलपाभोवती अँटेनाची रिंग असेल, किंवा गाडी बिनचावीची असेल, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. तिथे हात घातलात तर मिळेल कमी आणि बिघडेल जास्त.

१. पहिला प्रश्न: तुमची गाडी बंद कशी होते?

सगळं काम या एका उत्तरावर अवलंबून आहे, आणि बहुतेक लोक नेमकं हेच न बघता पक्कड हातात घेतात.

गाड्यांचे दोन प्रकार समजा. पहिल्या प्रकारात इग्निशनला वीज बॅटरीकडून मिळते. बॅटरीतून मेन फ्यूज, तिथून चावी, तिथून हँडलवरचा इंजिन बंद करायचा लाल किल स्विच, आणि मग सीडीआय (स्पार्क नेमक्या वेळी सोडणारी डबी), इग्निशन कॉइल किंवा ईसीयू (इंजेक्शनच्या गाडीचा कॉम्प्युटर). ही साखळी कुठेही तुटली की स्पार्क थांबतो. डीसी सीडीआय, ट्रान्झिस्टर इग्निशन, बॅटरीवर चालणारे पॉइंट्स (जुन्या गाड्यांतले उघडझाप करणारे कॉन्टॅक्ट) आणि इंजेक्शनच्या गाड्या या प्रकारात येतात. इथे तुमचा स्विच वायरच्या मधोमध बसतो. सुरक्षा हवी तेव्हा तो वायर तोडतो.

दुसऱ्या प्रकारात स्पार्कची वीज मॅग्नेटच्या आतल्या वेगळ्या कॉइलमधून येते. बॅटरी मेली तरी किक मारून गाडी चालू होते ती हीच. एसी सीडीआय आणि मॅग्नेटोवरचे पॉइंट्स असं यांचं वायरिंग असतं. ही गाडी बंद करण्यासाठी सीडीआयकडून आलेली एक वायर अर्थला, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेल्या फ्रेमला, टेकवतात. थोडक्यात, चावी ‘ऑफ’ असते तेव्हा आत दोन वायरी एकमेकींना जोडलेल्या असतात आणि ‘ऑन’ केल्यावर त्या सुटतात! पहिल्या प्रकाराच्या अगदी उलट. या गाडीला तोडणारा स्विच लावून काहीच होत नाही, गाडी खुशाल चालू राहते.

कोणता प्रकार आहे ते ओळखायला इंजिन चालू करायची गरज नाही. हँडलवरच्या किल स्विचच्या वायरींचा कनेक्टर हेडलाइटच्या डबीत किंवा टाकीखाली सापडेल. चावी बंद ठेवून तो सोडा. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा, म्हणजे जोड असला की बीप वाजेल. किल स्विचच्या दोन वायरींना टोकं लावून स्विच इकडे-तिकडे करा. ‘रन’वर बीप वाजला तर गाडी वायर तोडून बंद होते. ‘ऑफ’वर वाजला तर अर्थ करून बंद होते. नियम सोपा आहे: किल स्विच जे करतो, तेच तुमच्या नव्या स्विचने करायचं.

किल स्विचच नसेल तर हीच चाचणी चावीच्या स्विचवर करा. तिथे चार वायरी दिसल्या तर गोंधळू नका. बऱ्याच चावीच्या स्विचमध्ये दोन जोड्या असतात: एक जोडी ‘ऑन’ला जुळते, ती लाइट-हॉर्नची. दुसरी ‘ऑफ’ला जुळते, ती इग्निशन अर्थ करणारी.

२. काय काय लागेल

कागदपत्रं आधी. तुमच्या नेमक्या मॉडेलचा आणि वर्षाचा वायरिंग डायग्राम. तो सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, मालकाला मिळणाऱ्या पुस्तिकेत बहुतेक वेळा नसतो. त्याखेरीज वॉरंटीचं कार्ड आणि विम्याची पॉलिसी. वॉरंटी चालू असेल तर वायरिंगला हात लावण्याआधी अटी वाचा, कारण पुढे विजेचा कुठलाही बिघाड झाला की बोट तुमच्या स्विचकडेच दाखवलं जाईल. विमा कंपनीला बदल लेखी कळवा. एका ई-मेलचं काम आहे.

सामान असं:

- मल्टिमीटर. स्वस्तातला चालेल, पण कंटिन्युइटीचा बीप आणि १० अँपिअरची रेंज हवी.
- वायर: इग्निशनच्या मार्गासाठी १ चौरस मिमी, रिलेच्या (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) कॉइलसाठी अर्धा चौरस मिमी पुरते. गाडीची, बारीक तारांची लवचिक वायर घ्या. घराच्या फिटिंगची एकसंध तांब्याची वायर थरथरीने तुटते.
- क्रिंपिंगचा, म्हणजे कनेक्टर वायरवर दाबून बसवायचा प्लायर, बुलेट कनेक्टर, थिंबल
- हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी), वायरवर चढवायची काळी नळी, केबल टाय
- स्विच, आणि लागलाच तर चार पिनांचा १२ व्होल्टचा रिले, सॉकेटसकट

इन्सुलेशन टेप मुद्दामच यादीत नाही. इंजिनच्या उष्णतेने तिचा डिंक वितळतो, टेप सरकते आणि सहा महिन्यांनी हाताला लागतो तो काळा चिकटा. ‘वायर सोलून आत टोचणारे’ निळे-लाल क्लिप कनेक्टरही नकोत. ते बारीक तारा कापतात, आणि पाणी आत शिरायला वाट करून देतात.

३. स्विच कसला घ्यायचा

चावीचा घेत असाल तर दुकानातच तीन गोष्टी तपासा. चावी फक्त ‘ऑफ’लाच बाहेर निघते का? काही युनिव्हर्सल स्विचमध्ये ती दोन्हीकडे निघते, मग लोक ‘ऑन’ ठेवूनच चावी खिशात टाकतात. दुसरं, ‘ऑफ’ला आतला जोड तुटतो की जुळतो, कारण पहिल्या प्रकाराला तोडणारा लागतो आणि दुसऱ्याला जोडणारा. पाकिटावर दोन्हीला ‘इग्निशन स्विच’ असंच लिहिलेलं असतं, म्हणून मल्टिमीटर सोबत न्या. तिसरं, स्वस्त स्विचच्या चाव्यांचे नमुने मोजकेच असतात. शेजारच्या पाकिटातली चावी लावून बघा. लागली, तर तो स्विच परत ठेवा.

लपवायचा साधा टॉगल किंवा रॉकर घेत असाल तर पाणी-धूळरोधक घ्या. आयपी ६५ म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याची धार सोसतो. आयपी ६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरतो. अँपिअरचा आकडा वाचताना तो डीसीचा आहे ना ते बघा. घरच्या विजेच्या स्विचवर लिहिलेला ‘२५० व्होल्ट, ६ अँपिअर’ हा एसीचा आकडा असतो. ५० हर्ट्झच्या एसीत करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना पडणारी ठिणगी आपोआप विझते. डीसीत तशी सवलत नसते आणि कॉन्टॅक्ट हळूहळू जळत जातात. थेट जोडणीसाठी १२ व्होल्ट डीसीला १० अँपिअरचा घ्या.

इथे काटकसर नको, आणि याचं कारण चोर नव्हे. हा स्विच बसला की धावत्या गाडीचं इंजिन त्याच्यावर विसंबून असतं. ट्रकला ओव्हरटेक करताना याचाच कॉन्टॅक्ट लूज झाला तर काय, हा विचार करून स्विच निवडा.

४. जागा

लपलेली पण बसल्या जागी हाताला येणारी जागा हवी. रोज सीट काढावी लागत असेल तर आठवड्याभरात तुम्ही स्विच वापरणं सोडाल. टाकीच्या पुढच्या कडेखाली, साइड पॅनलच्या आतल्या अंगाला, पुढच्या फेअरिंगच्या मागे अशा जागा चालतात. गुडघा, रेनकोट किंवा मागे बसणाऱ्याचा पाय लागून स्विच हलायला नको. टॉगलची दांडी खाली किंवा आडवी ठेवा, वर नको. उभ्या दांडीच्या बुडाशी पाणी साचतं. सायलेन्सर आणि इंजिनच्या हेडपासून लांब. चेनच्या वाटेत वायर नको, आणि मागचं चाक खड्ड्यात उसळल्यावर कुठपर्यंत येतं तेही बघून घ्या.

हँडलकडे वायर नेत असाल तर हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवून वायरला ढील सोडा. वायर तुटते ती बहुतेक इथेच: बाहेरचं आवरण शाबूत, आत तांबं दोन तुकडे, आणि हँडल डावीकडे वळवलं की गाडी बंद.

५. नेमकी वायर शोधणे

रंगावर विसंबू नका. ‘काळी म्हणजे अर्थ’ ही पक्की समजूत असते, पण होंडाच्या वायरिंगमध्ये अर्थ हिरवी असते आणि काळी वायर चावीनंतरचा पॉझिटिव्ह नेते. यामाहात काळीच अर्थ असते. एका कंपनीवरून दुसरीचा अंदाज बांधून काळी वायर फ्रेमला लावली की फ्यूज गेला म्हणून समजा. आणि कुणीतरी फ्यूजच्या जागी तार घातलेली असेल, तर हार्नेस, म्हणजे गाडीच्या वायरींचा अख्खा जुडगा, गेला.

पहिल्या प्रकारात आपल्याला हवी ती किल स्विचनंतर सीडीआय किंवा कॉइलकडे जाणारी वायर. डायग्रामवर ती शोधा, मग मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून खातरजमा करा: चावी ऑन, किल स्विच ‘रन’वर असताना बॅटरीएवढा व्होल्टेज, म्हणजे भरलेल्या बॅटरीला साधारण १२.६, यातलं कुठलंही एक बंद केलं की शून्य. दोन्ही वेळा उत्तर असंच आलं तरच वायर बरोबर.

चावीच्या लगेच नंतरची जाड वायर तोडायचा मोह होतो, कारण ती सहज सापडते. ती नको. तिच्यातून हेडलाइटही चालतो, आणि ५५ वॉटचा एक बल्बच ५५ भागिले १२, म्हणजे साडेचार अँपिअरच्या वर खेचतो. हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाइट वेगळेच. शिवाय रात्री स्विच दगा देऊ शकतो. फक्त इग्निशनची शाखा तोडलेली असेल तर इंजिन बंद पडेल, पण दिवे चालू राहतील आणि मागच्याला तुम्ही दिसाल. चोराच्या बाबतीतही हेच सोयीचं: लाइट लागतात, सेल्फ फिरतो, इंजिन मात्र धरत नाही. गाडी बिघडलेली आहे असं वाटायला लावणारा स्विच सगळ्यात चांगला.

सेल्फच्या बटणाची वायर तोडणं हा आणखी एक लोकप्रिय उपाय. वायर सापडायला सोपी, करंट कमी, काम पाच मिनिटांत. पण किक मारून किंवा दुसऱ्या गिअरमध्ये धक्का देऊन गाडी आरामात चालू होते. उतार असेल तर तेवढाही त्रास नाही.

बॅटरीची निगेटिव्ह तोडणंही नको. सेल्फ फिरताना तिथून वाहणारा करंट लहान स्विच जाळून टाकतो. आणि इंजिन चालू असताना बॅटरी सुटली तर चार्जिंगचा व्होल्टेज उसळून बल्ब, रेग्युलेटर, ईसीयू यांतलं काहीही जाऊ शकतं.

६. जोडणी, पहिला प्रकार: वायर तोडणारा स्विच

बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडा. मग वायर अशा ठिकाणी कापा जिथे दोन्ही टोकांना दोन-तीन इंच मोकळी वायर उरेल. हार्नेसच्या अगदी तोंडाशी कापलीत तर पुढे दुरुस्तीला हातात धरायला काही राहणार नाही.

कापलेल्या एका टोकाला नर बुलेट लावा, दुसऱ्याला मादी. स्विचकडून येणाऱ्या दोन वायरींना त्याच्या उलट. यामुळे रस्त्यात स्विच खराब झाला तर त्याच्या दोन वायरी काढायच्या आणि मूळची दोन टोकं एकमेकांत घुसवायची. गाडी जशी होती तशी, हत्याराशिवाय. मला या सगळ्या कामातली सर्वांत उपयोगी युक्ती हीच वाटते, आणि गॅरेजमध्ये काम करून घेतलंत तर नेमकी हीच सांगून करून घ्यावी लागते. अर्थात हा जोड स्विचइतकाच लपलेला हवा. टाकी किंवा सीट काढल्याशिवाय दिसायला नको.

मूळ मार्गाला आधीपासून फ्यूज असतो, म्हणून मधे नुसता स्विच घालताना नवा फ्यूज लागत नाही. बॅटरीवरून स्वतंत्र वायर काढलीत तर मात्र बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवाच.

थेट स्विच की रिले? मार्ग छोटा असेल आणि स्विच दणकट असेल तर थेट जोडा. स्विच लांब किंवा नाजूक असेल तर रिले घाला. रिलेच्या पिनांवर आकडे असतात: ३० आणि ८७ हे मुख्य कॉन्टॅक्ट, ८५ आणि ८६ ही कॉइलची टोकं. जोडणी अशी:

- ३०: किल स्विचकडून आलेलं कापलेलं टोक
- ८७: सीडीआय किंवा कॉइलकडे जाणारं टोक
- ८६: ३० वरच्याच वायरीची छोटी फांदी
- ८५: तुमच्या लपवलेल्या स्विचमधून अर्थकडे

पाच पिनांचा रिले मिळाला तर मधली ८७ए मोकळी सोडून तिच्यावर स्लीव्ह चढवा.

स्विच मुद्दाम अर्थच्या बाजूला ठेवलाय. तिथे जाणारी बारीक वायर कधी घासून फ्रेमला लागली, तर अर्थ मिळून रिले लागलेलाच राहतो आणि गाडी चालत राहते. हाच स्विच पॉझिटिव्हच्या बाजूला असता तर शॉर्ट होऊन फ्यूज उडाला असता, तोही भर रस्त्यात. याचा तोटा असा की घासलेल्या वायरमुळे सुरक्षा गेलीय हे तुम्हाला कळणार नाही. म्हणून अधूनमधून स्विच बंद ठेवून गाडी खरंच चालू होत नाही ना, ते बघत जा.

रिलेची कॉइल दीडशे-दोनशे मिलिअँपिअर घेते, आणि तेही चावी व किल स्विच चालू असतानाच. उभ्या गाडीची बॅटरी यामुळे उतरत नाही. कॉइल सुटताना व्होल्टेजचा झटका बसतो, तो मारायला ८५-८६ वर १एन४००७ डायोड लावतात. त्याचा पट्टा ८६ कडे, म्हणजे पॉझिटिव्हकडे. आतच डायोड असलेला रिले असेल तर ८५-८६ उलटे लावू नका, डायोडमधून सरळ शॉर्ट होईल. रिले तोंड खाली करून बसवा, पाणी निथळून जातं.

मॅग्नेटने चालणारा रीड स्विच लावायचा असेल तर रिले अनिवार्य आहे. त्याचे बारीक कॉन्टॅक्ट इग्निशनचा करंट सोसत नाहीत, चिकटून बसतात.

७. जोडणी, दुसरा प्रकार: अर्थ करणारा स्विच

इथे काहीच कापायचं नाही. सीडीआयच्या किल वायरीवरून, म्हणजे अर्थला टेकवली की गाडी बंद करणाऱ्या वायरीवरून, एक फांदी काढायची, ती स्विचच्या एका टोकाला आणि दुसरं टोक अर्थला. चावी ‘ऑफ’ला जोड जुळला की स्पार्क गायब.

अर्थ हार्नेसमधल्या अर्थच्या वायरीवर घ्या. फ्रेमवर घेत असाल तर रंग खरवडून चकचकीत धातू काढा, दातेरी वॉशर घाला, वरून ग्रीस फासा. हा अर्थ सैल झाला तर गाडी चालू होणं थांबत नाही, तर बंद होणं थांबतं. सुरक्षाही गेली.

एक चूक इथे कधीही करू नका: किल वायरीला १२ व्होल्ट देणं. ‘स्विच म्हणजे पॉझिटिव्ह हवाच’ या सवयीने बॅटरीची वायर इथे आली की सीडीआय गेला. तो दुरुस्त होत नाही, नवाच घ्यावा लागतो. दुसरं, इंजिन चालू असताना या वायरीवर १०० व्होल्टच्या वर दाब असू शकतो. चालू गाडीत उघड्या टोकाला हात लावलात तर चांगलाच झटका बसेल. जोड पूर्ण झाकलेले हवेत.

या प्रकाराचा कमकुवतपणा हा की स्विचची वायर काढून टाकली की गाडी मोकळी होते. म्हणून स्विचच्या बुडाशी प्लग ठेवू नका. वायर अखंड आतपर्यंत न्या आणि जोड टाकीखाली, हार्नेसच्या गुंडाळीत, बाकीच्या वायरींसारखाच दिसेल असा करा. नव्या वायरीचा रंगही मूळ वायरींशी मिळताजुळता घ्या. काळ्या-हिरव्या जुनाट वायरींमध्ये एकच चकचकीत लाल वायर म्हणजे पाटी लावल्यासारखंच आहे.

८. इंजेक्शनच्या गाड्या

सहाव्या पायरीतली किल स्विचच्या मार्गातली जोडणी बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांनाही चालते. पण इथे आणखी एक चांगला मार्ग आहे: साइड स्टँडचा स्विच. स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद पडतं, अशी सोय गाडीत असेल तर त्या स्विचच्या दोन वायरींपैकी एकीत तुमचा स्विच घाला. करंट अगदी थोडा, त्यामुळे रिले नको. तो तोडलेला असताना गाडी न्यूट्रलमध्ये चालू होते आणि पहिला गिअर टाकताच बंद पडते. पुन्हा चालू केली तरी पुन्हा तेच. मात्र हे फक्त दोन वायरींच्या साध्या स्विचवरच. तीन वायरींचा सेन्सर असेल किंवा डायग्राममध्ये मार्गात रेझिस्टर दिसत असेल तर सोडून द्या.

गाडीतल्या पेट्रोल पंपाची वायर तोडा, असाही सल्ला मिळतो. मी तो देणार नाही. लाइनमध्ये उरलेल्या दाबावर इंजिन चालू होतं, थोडं अंतर जातं आणि मग कुठेतरी रस्त्याच्या मधोमध मरतं. शिवाय पंपाला पूर्ण व्होल्टेज लागतो. स्विच जुना होऊन त्यात व्होल्टेज पडायला लागला की पिकअप जातो आणि मेकॅनिक इंजेक्टर साफ करत बसतो.

ईसीयूची कायमची सप्लाय, सेन्सरच्या वायरी, एकमेकींना पीळ दिलेली कॅनची (गाडीतल्या कॉम्प्युटरांना आपसात जोडणाऱ्या वायरींची) जोडी आणि गाडी आडवी पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर, यांना हात लावायचा नाही.

९. सांधे

पूर्ण कामातला अर्धा वेळ इथे द्या. स्लीव्ह आधी वायरवर सरकवा आणि मगच कनेक्टर क्रिंप करा. उलटं केलंत तर स्लीव्ह आत जाणारच नाही. वायर सोलताना आतल्या तारा तुटता कामा नयेत. क्रिंपची पुढची पकड तांब्यावर आणि मागची पकड इन्सुलेशनवर बसली पाहिजे, कारण मागची पकडच थरथर झेलते. झालं की कनेक्टर धरून वायर जोरात ओढा. निघाली तर आत्ता निघालेली बरी.

डाग देऊन सांधा करायचा तर करा, पण सोल्डर तारांमधून वर चढतं आणि जिथे संपतं तिथे वायर कडक होते. थरथरीने ती बरोबर त्याच जागी तुटते. म्हणून सांध्याच्या दोन्ही बाजूंना थोडी वायर झाकेल इतकी लांब स्लीव्ह घाला आणि सांधा केबल टायने फ्रेमला बांधा, लोंबकळत ठेवू नका.

१०. तपासणी

बॅटरी जोडा. स्विच चालू, इंजिन चालू करा. आता आयडलवर असताना हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, प्रत्येक सांधा हाताने हलवा, स्विचवर बोटाने टिचक्या मारा. आवाजात जरा जरी फरक पडला तर तो सांधा पुन्हा करा. गाडी धुतो तसं पाणी मारून हेच परत.

पहिल्या प्रकारात व्होल्टेज किती पडतो तेही मोजा. इग्निशन चालू असताना मल्टिमीटरचं एक टोक स्विचच्या अलीकडे, दुसरं पलीकडे. रिले असेल तर ३० आणि ८७ वर. ०.१ च्या आसपास ठीक. ०.२ च्या वर गेला तर कुठेतरी क्रिंप सैल आहे किंवा स्विचच कामातून गेलेला आहे.

मग स्विच बंद करा आणि स्वतःच्या गाडीशी चोरासारखे वागा: सेल्फ, किक, धक्का. तिन्हींनी चालू व्हायला नको. स्विच साइड स्टँडच्या मार्गात असेल तर न्यूट्रलमध्ये चालू होईल, पण गिअर टाकताच बंद पडायला हवी. हँडलवरचा लाल किल स्विच पूर्वीसारखा काम करतोय ना, तेही बघा. तो संकटातला स्विच आहे, तुमच्या कामामुळे निकामी व्हायला नको. पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर मारा.

चालत्या गाडीत हा स्विच बंद करून बघायचा खेळ नको. कार्बोरेटरच्या गाडीत स्पार्क बंद झाला तरी पेट्रोल जातच राहतं, ते न जळता गरम सायलेन्सरमध्ये साठतं, आणि स्विच पुन्हा चालू केलात की बार उडतो.

११. कागदावर उतरवून ठेवा

कोणत्या रंगाची वायर कुठे कापली, रिले कुठे आहे, मूळ टोकं कशी जोडायची, एवढं चित्र काढून घरी ठेवा, गाडीच्या टूलकिटमध्ये नको. फोनमध्ये फोटो असतील तर उत्तम. घरात गाडी चालवणाऱ्या दुसऱ्या माणसाला स्विच दाखवून ठेवा, नाहीतर ते किक मारून मारून घामाघूम होतील आणि शेवटी प्लग उघडून बसतील.

सर्व्हिसिंगला गाडी देताना स्विच चालू ठेवून द्या. त्याच्याबद्दल सांगायचं की नाही ते मेकॅनिक किती ओळखीचा आहे त्यावर ठरवा. वायरिंगचंच काम असेल तर मात्र आधी सांगा, कारण डायग्राममध्ये नसलेली वायर सापडली की ती काढून टाकण्याकडेच हात वळतो. गाडी परत आल्यावर दहाव्या पायरीतली स्विच बंद ठेवून केलेली चाचणी पुन्हा एकदा करून घ्या.